शेवटी सिस्टरच ना?

(द्वितीय वर्ष, कला)

पाचाड म्हटले की लोकांना आठवतो तो रायगडाचा पायथा. सहलीच्या गाड्या येतात, मंडळी जिजाऊंच्या समाधीचे दर्शन घेतात आणि मग पायऱ्यांकडे नाहीतर रोपवेकडे वळतात. वाटेत कोणीतरी हिरकणीची गोष्ट सांगतोच. गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ भुकेले, म्हणून रात्री कडा उतरून गेलेली ती गवळण. ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही ते आपल्या इतिहासाच्या सरांनी ठरवावे. तिचे नाव मात्र आता एस.टी. स्थानकावरही पोहोचले आहे. तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी जी आडोशाची खोली असते तिला 'हिरकणी कक्ष' म्हणतात.

आमची वाडी पाचाडच्या पलीकडे आहे. तिथेही अशीच एक डोंगर उतरण्याची गोष्ट आहे, पण ती कोणी पाहुण्यांना सांगत नाही. २००९ च्या श्रावणात माझ्या धाकट्या काकूला रात्री अचानक कळा सुरू झाल्या. माझी आजी वाडीची सुईण. तिने सरकारी शिबिरात शिकून घेतले होते, हात साबणाने धुणे, नवे पाते, उकळलेला दोरा हे सगळे तिला ठाऊक होते. मुलगी झाली, रडली, सगळ्यांना हायसे वाटले. नंतर काकू 'गार वाटते' म्हणू लागली. पहाटे तिला डोलीत घालून पुरुष मंडळी रस्त्यापर्यंत उतरली, तिथून जीप. महाड येण्याआधीच ती गेली. मी तेव्हा चार वर्षांची होते, म्हणजे मला हे सगळे आठवते असे नाही; ऐकून ऐकून आठवल्यासारखे झाले आहे. आजीचे एक वाक्य मात्र मी तिच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. "रगत किती गेलं ते कळलंच नाय. गोधडीनं सगळं पिऊन टाकलं."

त्यानंतर आजीने एकही बाळंतपण केले नाही.

त्या रात्री जन्मलेली माझी चुलत बहीण यंदा दहावीला आहे. दिवाळीत तिने घरात सांगून टाकले की मला नर्सिंगला जायचे आहे आणि नुसते काम करायचे नाही, पुढे शिकून शिकवायचे आहे. काका माणूस चांगला आहे, मुलीला शिकवायची त्याची तयारीही आहे, पण तो म्हणाला, "कितीही शिकलीस तरी शेवटी सिस्टरच ना?" मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले, कारण आमच्या घरात महाविद्यालयाचे तोंड पाहिलेली मी पहिली. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. कला शाखेच्या मुलीला कुठून येणार? नंतरच्या दोन महिन्यांत ग्रंथालयात बसून, आमच्या भागातल्या नर्सबाईंना विचारून आणि सरांनी काढून दिलेले कागद शब्दकोश जवळ घेऊन वाचून जे समजले ते इथे मांडते. काकाला ते तोंडी सांगून झाले आहे, पण त्याचा प्रश्न आपल्या सर्वांच्याच घरांतला आहे असे मला वाटते.

पहिला प्रश्न माझाच होता. बाळंतपणात संशोधन ते काय करायचे? बायका जन्मभर बाळंत होत आल्या आहेत. यावर मला सर्वांत आधी सापडली ती व्हिएन्ना शहरातील गोष्ट. तिथल्या मोठ्या रुग्णालयात १८४० नंतर बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी तापाने गेल्या, सुइणींच्या विभागात शेकडा ३ सुद्धा नाहीत. गरीब बायका पाया पडून सांगत की आम्हाला सुइणींकडे पाठवा. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने याचा छडा लावला. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येत होते. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि पुढच्या वर्षी दोन्ही विभागांतले मृत्यू जवळजवळ सारखे, शेकडा सव्वाच्या आसपास आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही हेच काम केले. आपल्याला त्यांचा दिवा ठाऊक आहे, पण त्यांची आकड्यांची वही ठाऊक नाही. लंडनमध्ये त्यांनी सुइणींच्या शिक्षणासाठी सुरू केलेला विभाग बाळंतज्वरामुळे १८६७ साली बंद करावा लागला. त्या गप्प बसल्या नाहीत. ठिकठिकाणचे मृत्यूंचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये त्यांनी पुस्तक काढले आणि मोठ्या प्रसूतिगृहांपेक्षा घरी बाळंत होणाऱ्या बायका कमी मरतात हे तक्ते मांडून दाखवले.

म्हणजे संशोधन हे मोठ्या यंत्रांनीच होते असे नाही. मोजायचे, लिहून ठेवायचे, दोन ठिकाणची तुलना करायची आणि आपल्याला न आवडणारे उत्तर आले तरी ते लपवायचे नाही, एवढे त्यात मुख्य.

मग मी ही पद्धत आजीला लावून पाहिली. आजी काय काय करत असे ते तिच्याकडून लिहून घेतले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या शिफारशींशेजारी ठेवले. ती चांगलीच रंगली. तिचे बाळंतपणाचे ज्ञान वहीत उतरवायला आजवर कोणी बसले नव्हते. आजी वार पडल्याशिवाय नाळ कापत नसे. नाळेतून बाळाला "आईचं उरलंसुरलं" मिळते, असे ती म्हणायची. रुग्णालयांत कित्येक वर्षे बाळ बाहेर येताच नाळ कापण्याची रीत होती. आता संघटना सांगते की निदान एक मिनिट तरी थांबा, त्या वेळात बाळाला जास्त रक्त मिळते व पुढे त्याचे लोह टिकते. कळा देणारी बाई आजी आडवी पाडून ठेवत नसे, दोर धरून उकिडवी बसवी, फिरवी. २०१८ च्या शिफारशींत बाईला जी स्थिती सोयीची वाटेल ती घेऊ द्यावी आणि तिच्या मर्जीचे माणूस तिच्याजवळ असू द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. आजीच्या बाळंतपणाला तर शेजारच्या चार बायका असतच, उलट त्यांना बाहेर काढणे मुश्किल!

पण तराजूचे दुसरे पारडेही आहे. आजी पहिला चीक पिळून टाकायला लावी आणि बाळाला मधाचे बोट चाटवी. हे चूक, तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस समजा. बाळाला जन्मताच न्हाऊ घालणेही चूक, कारण बाळ गारठते. चोवीस तास थांबावे. शिबिराला जाण्यापूर्वी ती नाळेच्या देठाला राख लावी. त्या काळी वाडीत आठव्या-दहाव्या दिवशी बाळे ताठ होऊन जात. त्याला 'आठवीचा फेरा' की काय म्हणत. तो धनुर्वात होता. आजी हे ऐकून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या शिबिरातल्या बाईनं सांगितलं तवापास्नं राख नाय लावली कधी." ती शिबिरातली बाई कोण होती, तिला कोणी शिकवले, त्या शिकवणारीला कोणी शिकवले, अशी साखळी मागे मागे नेली की आपण नर्सिंगच्या महाविद्यालयातील अध्यापिकेपर्यंत जाऊन पोहोचतो. काकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले.

उरलेले अर्धे मिळाले बेळगावात. कोकणातून एकदम बेळगाव कशासाठी, तर गोधडीसाठी. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव समजतात. पण रक्त कपड्यात, गोधडीत, जमिनीत मुरते, मग अर्धा लिटर झाला हे कळायचे कसे? अनुभवी माणसांचाही अंदाज चुकतो, आणि चुकतो तो कमीच्या बाजूला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर काम करताना एक साधी प्लॅस्टिकची खोळ वापरली. बाळ जन्मले की ती बाळंतिणीच्या खाली सरकवायची. तिला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. दुधाच्या मापासारखे वाचायचे. नजरेचा अंदाज या पिशवीच्या मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो असे त्यांना आढळले.

ही खोळ त्यांनी एका मोठ्या चाचणीत वापरली. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बायकांना बाळंत होताच एक गोळी दिली. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल या औषधाची, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरलेले, देणारीलाही ठाऊक नाही. औषध नसलेल्या गोळीच्या गटात शेकडा १२ बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात शेकडा ६.४. या गोळीला शीतकपाट लागत नाही, सुई लागत नाही. दिवाही नसलेल्या घरात ती देता येते. हा निबंध 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली प्रसिद्ध झाला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

मी ते वर्ष पुन्हा पुन्हा पाहिले. २००६. आमची काकू गेली २००९ मध्ये. छापलेले ज्ञान डोंगर चढून आमच्या वाडीपर्यंत यायला तीन वर्षे पुरली नव्हती.

या चाचणीत दुसरी एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. बाळंतपणे केली कोणी, गोळ्या दिल्या कोणी, पिशवीवरच्या रेघा वाचून आकडे लिहिले कोणी? २५ ए.एन.एम. म्हणजे आपल्या उपकेंद्रातील नर्सबाईंनी. निबंधात तसे लिहिलेही आहे. परंतु निबंधाच्या डोक्यावर नावे आहेत ती डॉक्टर आणि संशोधक मंडळींची. मी यात कोणाला दोष देत नाही. प्रश्न रचणे, गणित करणे, इंग्रजीत निबंध लिहिणे हे त्या पंचवीस जणींना कोणी शिकवलेच नव्हते. पण रात्री कंदिलाच्या उजेडात रेघ वाचणारीच्या मनात जे प्रश्न आले असतील ते कुठे गेले? अतिरक्तस्रावाचे पुढचे मोठे काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतिणींवर ते झाले. तिथेही अशीच मापाची खोळ होती, आणि रक्ताचे माप पुढे जाताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची मुभा सुइणींना होती. जिथे ही पद्धत वापरली तिथे गंभीर प्रसंग शेकडा १.६ आणि जिथे नेहमीचीच रीत होती तिथे ४.३. औषधे दोन्हीकडे जुनीच होती. वेळेवर ओळखणे आणि ओळखणारीच्या हाती अधिकार असणे, एवढ्याने फरक पडला.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक असेल. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली, त्यांत शेकडा ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासून घेतलेल्या होत्या शेकडा ८. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले, आणि १९९९ च्या त्यांच्या निबंधानुसार त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६२ वरून २५.५ वर आले. कमी शिकलेली बाई हे करू शकते, तर चार वर्षे शिकलेली किती करील!

आता या शिक्षणाच्या वाटेविषयी. आपल्याकडे ती फार उशिरा निघाली. मराठी स्त्रीने परदेशी जाऊन लिहिलेला पहिला वैद्यकीय प्रबंधच मुळी बाळंतपणावर होता हे किती जणांना माहीत असेल? डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली ती आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर लिहून. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. घरातले दुःख घेऊन शिकायला निघालेली ती आपल्या ओळखीची पहिली मुलगी. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले आणि तिथल्या बायकांना, त्यांत विधवाही पुष्कळ, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा समाजात केवढी कुजबुज झाली. परक्याची शुश्रूषा करणारी बाई म्हणजे हलकी, हा ग्रह तेव्हाचा. काकाच्या 'सिस्टरच ना' मध्ये त्याचाच थोडा अंश उरला आहे असे मला वाटते, अर्थात हे मी त्याला सांगितलेले नाही.

नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा सबंध देशात परिचारिका होत्या सुमारे ७ हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. त्याच साली दिल्ली व वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यातली अशी अनेक महाविद्यालये आहेत.

वाट अशी आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतले तर थेट चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग; त्याला प्रवेश परीक्षा असते. पण आपल्या कलावाल्यांनी निराश होऊ नये, कारण बारावी कोणत्याही शाखेची असली तरी इंग्रजी विषय आणि ठराविक गुण असतील तर तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम घेता येतो आणि दोन वर्षांचा ए.एन.एम. ही. हे मला स्वतःला बारावीत कोणी सांगितले असते तर? असो. जी.एन.एम. झाल्यावर दोन वर्षांत बी.एस्सी. पुरी करता येते. मग एक वर्ष प्रत्यक्ष काम करून दोन वर्षांची एम.एस्सी., आणि तिथे पाच शाखांतली एक निवडायची असते, त्यांत प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या ही एक. एम.एस्सी. झाली की महाविद्यालयात अध्यापिका होता येते. त्यापुढे पीएच.डी.; त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेने २००५ साली राष्ट्रीय पातळीवर व्यवस्था केली, म्हणजे चांगल्या मार्गदर्शकाअभावी कोणी अडून बसू नये. याशिवाय २०१८ पासून सरकारने नुसत्या प्रसूतिसेवेसाठी दीड वर्षाचे वेगळे शिक्षण आखले आहे. ते घेतलेली परिचारिका नैसर्गिक बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करू शकते. १९४७ चा जुना कायदा बदलून २०२३ साली नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदाही संसदेने केला.

ही अध्यापिका नेमके काय करते, असे मी नर्सबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, तुमच्या सरांसारखी फळ्यापुढे उभी राहते, पण तास संपला की तिचे काम संपत नाही. आधी पुतळ्यावर शिकवायचे, मग वॉर्डात मुलींबरोबर उभे राहायचे, पहिल्या बाळंतपणाला मुलीचे हात थरथरतात तेव्हा तिच्या हातावर आपला हात ठेवायचा. शिवाय नोंदवह्या तपासायच्या आणि जमेल तेव्हा आपले संशोधन. पुष्कळ जणींना त्यासाठी वेळ उरत नाही, ही तक्रार त्यांनी बोलून दाखवली.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत शेकडा ९४.७ बाळंतपणे रुग्णालयात होत होती. राज्याचा २०१८-२० मधला माता मृत्यूचा आकडा लाखामागे ३३, देशाचा ९७. मग आता उरले काय, असे कोणी म्हणेल. मला तर आमच्याच तालुक्यात प्रश्न दिसतात. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होते, तळियेवर दरड आली, पोलादपूरकडचे रस्ते तुटले. त्या आठवड्यात ज्यांचे दिवस भरले होते त्या बायांनी काय केले? पावसाळ्यात आठवा महिना लागला की लेकीला महाडच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवणारी घरे किती, आणि ज्यांना नातेवाईक नाहीत त्यांचे काय? वार पडेपर्यंत नाळ न कापणाऱ्या, आजीच्या वयाच्या अजून किती जणी या डोंगरांत आहेत? ही उत्तरे पुण्या-मुंबईहून येऊन कोणी लिहील कदाचित. पण आमच्या बायका दारात उभ्या असलेल्या साहेबाला एक सांगतात आणि चुलीपाशी बसलेल्या मुलीला दुसरेच, हे मी जन्मापासून पाहत आले आहे.

मकरसंक्रांतीला घरी गेले तेव्हा मी आजीला ती खोळ वहीच्या पानावर काढून दाखवली, नरसाळे, पिशवी, रेघा सगळे. तिने कागद लांब धरून पाहिला आणि विचारले, "ह्याची किंमत किती असंल?" मला सांगता आली नाही. काका शेजारीच भात मोजत होता. त्याने मान वर केली नाही, पण थोड्या वेळाने म्हणाला की अकरावी सायन्सला महाडला घालायचे तर सकाळची पहिली गाडी पकडावी लागेल, ती वेळेवर असते का ते मला विचारून ठेवायला सांग. मी रोज त्याच गाडीने येते. ती वेळेवर नसते. बहिणीला तसे सांगितले आहे, आणि फॉर्म जूनमध्ये निघतात तेही.